‘अनाथ’ कोण? : बालकांच्या दुर्मीळ रोगांवरील संशोधनाच्या अर्थपुरवठ्याचा इतिहास

१

वैद्यकाचा इतिहास लिहिताना शोधांची आणि शोधकांची नावे नोंदविण्याचा परिपाठ आहे. त्या शोधांसाठी लागलेला पैसा कोठून आला, तो कोणत्या अटींवर आला, आणि तो देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रोग्याचे कोणते चित्र होते, या प्रश्नांची चर्चा मात्र क्वचितच होते. सामान्य रोगांच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवत नाही. जो रोग कोट्यवधींना होतो, त्याच्या औषधाला गिऱ्हाईक असतेच, आणि गिऱ्हाईक असले म्हणजे भांडवलही मिळते. परंतु जे रोग हजारांत वा लाखांत एखाद्यालाच होतात, आणि तेही बहुधा बालवयात, त्यांच्याविषयी बाजार मुका असतो. अशा रोगांवर कोणी संशोधन का करावे, आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाला आपोआप मिळणारे उत्तर नाही. ते उत्तर प्रत्येक पिढीला नव्याने घडवावे लागले. म्हणून या रोगांचा इतिहास हा बव्हंशी त्यांच्या अर्थपुरवठ्याचाच इतिहास होय.

या इतिहासात एक इंग्रजी शब्द मध्यवर्ती आहे, तो म्हणजे ‘ऑर्फन’, अर्थात ‘अनाथ’. वैद्यकाच्या परिभाषेत त्याचा एक अर्थ बालकाला लागू पडत होता आणि दुसरा औषधाला. कायद्याने दुसरा अर्थ उचलला आणि पैसा त्या अर्थामागे गेला. या निवडीने काय साधले आणि काय निसटले, हे सिस्टिक फायब्रोसिस या एका रोगाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या रोगाची अर्थकथा मुख्यतः अमेरिकेत घडली, त्यामुळे विवेचनाचा बराचसा भाग त्या देशाविषयी आहे. तिचे पडसाद भारतात कसे उमटले, ते अखेरीस पाहावयाचे आहे.

२

रोगी बालकांसाठी सर्वसामान्य जनतेकडून लहान लहान देणग्या गोळा करून संशोधन चालविण्याचा आधुनिक प्रघात अमेरिकेत पोलिओच्या निमित्ताने रूढ झाला. १९३८ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाने नागरिकांकडून दहा-दहा सेंटांची नाणी मागितली, आणि पुढे सॉल्क यांच्या लशीचे संशोधन त्या निधीतून उभे राहिले. पोलिओ मात्र दुर्मीळ नव्हता. त्याची भीती प्रत्येक घराला होती, आणि देणगी देणारा एका अर्थी स्वतःच्या मुलासाठीच देणगी देत होता.

थोड्यांच्या रोगासाठी पुष्कळांकडून पैसा मिळविणे ही याहून अवघड गोष्ट होती. तिचे पहिले ठळक उदाहरण बोस्टन येथे घडले. तेथील बालरुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या तीव्र कर्करोगाने ग्रस्त असलेल्या बालकांना फॉलिक आम्लाला विरोध करणारे अमिनॉप्टेरिन हे द्रव्य दिले. १९४८ च्या जूनमध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार सोळा बालकांपैकी दहांत तात्पुरता का होईना, उतार पडला होता. हे द्रव्य लेडर्ली कंपनीच्या ज्या प्रयोगशाळांतून आले, त्यांचे प्रमुख आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लप्रगडा सुब्बाराव हे होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले.

फार्बर यांना संशोधनासाठी पैसा हवा होता. १९४८ च्या मे महिन्यात एका राष्ट्रव्यापी रेडिओ कार्यक्रमात त्यांच्या एका बालरोग्याचा आवाज देशभर ऐकविण्यात आला. त्याच्या खाटेभोवती बोस्टनच्या बेसबॉल संघाचे खेळाडू जमले होते. मुलाचे खरे नाव सांगितले गेले नाही. त्याला ‘जिमी’ असे नाव देण्यात आले. या आवाहनातून दोन लाख एकतीस हजारांहून अधिक डॉलर जमले आणि ‘जिमी फंड’ हा कायमचा निधी उभा राहिला. तो मुलगा वाचला, आणि पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याची ओळख जगाला कळली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. श्रोत्यांनी पैसे दिले ते रोगाच्या नावासाठी नव्हे. रोगाचे नाव बहुतेकांना उच्चारताही आले नसते. त्यांनी पैसे दिले ते एका मुलाच्या नावासाठी. ते नाव खोटे होते ही बाब गौण आहे. संख्येने अल्प असलेल्या रोग्यांना लोकांच्या मनात स्थान मिळवून द्यावयाचे, तर एकाला सर्वांचा प्रतिनिधी करावे लागते, ही या अर्थपुरवठ्याची पहिली रीत होय. ती आजही मोडलेली नाही. २०१४ मध्ये अमेरिकन संसदेने राजकीय पक्षांच्या अधिवेशनांना मिळणारे सरकारी साहाय्य बंद करून बालरोग-संशोधनासाठी दहा वर्षांत बारा कोटी साठ लाख डॉलरांची तरतूद मंजूर केली, तेव्हा तो कायदाही मेंदूच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका दहा वर्षांच्या मुलीच्या नावाने ओळखला गेला.

३

सिस्टिक फायब्रोसिसची कथा याहून निराळी आहे, कारण तेथे पुढाकार वैद्यांचा नव्हता, तर आईबापांचा होता. न्यूयॉर्क येथील बालरुग्णालयात काम करणाऱ्या डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या रोगाचे स्वतंत्र वर्णन केले. स्वादुपिंडात दिसणाऱ्या कोशांवरून व तंतुमय विकृतीवरून त्याला हे नाव पडले. पुढे रोगाचे मूळ एका इंद्रियापुरते नसून सर्व शरीरातील स्राव घट्ट होण्यात आहे, हे ओळखून फार्बर यांनीच त्यास ‘म्यूकोव्हिसिडोसिस’ असे अधिक अन्वर्थक नाव सुचविले. इंग्रजीत मात्र जुने, अपुरे नावच टिकले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये उन्हाची लाट आली असता ही मुले उष्म्याने चटकन कोसळतात असे पॉल दी संत’आन्येझे यांना आढळले, आणि त्यावरून त्यांच्या घामात मिठाचे प्रमाण अधिक असते हे १९५३ मध्ये सिद्ध झाले. १९५९ मध्ये घामाची सोपी परीक्षा उपलब्ध झाली आणि रोगाचे निदान निश्चित करता येऊ लागले.

निदान आले, पण उपाय आला नाही. त्या काळी या रोगाचे मूल प्राथमिक शाळेत जाण्याच्या वयापर्यंत जगेल, अशी अपेक्षा नसे. अशा स्थितीत १९५५ मध्ये काही पालकांनी एकत्र येऊन राष्ट्रीय सिस्टिक फायब्रोसिस संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले. संस्थेच्या परंपरेत एक गोष्ट सांगितली जाते. १९६५ मध्ये एका चार वर्षांच्या रोगी मुलाने आईला दूरध्वनीवर वारंवार उच्चारताना ऐकलेले रोगाचे इंग्रजी नाव ‘सिक्स्टी-फाइव्ह रोझेस’, म्हणजे ‘पासष्ट गुलाब’, असे समजून घेतले. अपरिचित शब्दाला परिचित ध्वनींत बसविण्याची ही प्रवृत्ती भाषाभ्यासात लोकव्युत्पत्ती म्हणून सुपरिचित आहे. पण या लोकव्युत्पत्तीचा अर्थशास्त्रीय परिणामही झाला. जे नाव लोकांच्या जिभेवर बसत नव्हते, त्याला बसणारे रूप मिळाले, आणि गुलाब हे संस्थेच्या निधिसंकलनाचे चिन्ह ठरले.

या प्रतिष्ठानाने पैशाचा विनियोग कसा केला, हे पाहणे महत्त्वाचे आहे. त्याने केवळ प्रयोगशाळांना अनुदाने दिली नाहीत. उपचारकेंद्रांना मान्यता देऊन त्यांचे जाळे विणले आणि १९६० च्या दशकापासून रोग्यांची नोंदवही ठेवली. दुर्मीळ रोगाच्या संशोधनात सर्वांत दुर्मीळ वस्तू पैसा नसून एकत्र आलेले रोगी ही असते. विखुरलेल्या शेकडो रोग्यांवरून काहीच निष्कर्ष निघत नाही. नोंदलेल्या शेकडो रोग्यांवरून निघतो. १९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या टोरांटो व मिशिगन येथील गटांनी सातव्या गुणसूत्रावरील दोषी जनुक शोधून काढले. या यशामागे रोगी कुटुंबांनी दिलेला पैसा जसा होता, तसेच त्यांनी दिलेले रक्ताचे नमुनेही होते.

४

आता ‘ऑर्फन’ या शब्दाकडे वळावयाचे. १९६२ मध्ये, थॅलिडोमाइडच्या अनर्थानंतर, अमेरिकेत औषध-कायदा कडक झाला. औषध निर्धोक आहे एवढे दाखविणे पुरेसे राहिले नाही. ते गुणकारी असल्याचा पुरावाही देणे प्राप्त झाले. उत्पादकांनी हा पुरावा प्रौढांपुरता मिळविला, आणि बालकांवर चाचण्या करण्याचा खर्च व धोका टाळून वेष्टनावर ‘बालकांसाठी शिफारस नाही’ अशा आशयाची सूचना छापली. ज्या कायद्याचा जन्म अर्भकांच्या विकलांगतेतून झाला, त्याच कायद्याच्या आडोशाने बालके नव्या औषधांना पारखी झाली. या अवस्थेला बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी नाव दिले ‘थेराप्यूटिक ऑर्फन्स’, म्हणजे उपचारांच्या बाबतीत अनाथ झालेली मुले. १९६८ मधील त्यांच्या संपादकीयाने ही संज्ञा सर्वतोमुखी झाली.

त्याच वर्षी रुग्णालयीन औषधशास्त्राच्या एका नियतकालिकात ‘बेघर’ वा ‘अनाथ’ औषधांचा उल्लेख झाला. ही अशी औषधे, की ज्यांचा गुण ठाऊक आहे, परंतु नफा नसल्यामुळे ज्यांना कोणी उत्पादक पत्करीत नाही. एकाच वेळी एका विशेषणाला अशी दोन विशेष्ये लाभली.

या शब्दाची पूर्वपीठिकाही उद्बोधक आहे. इंग्रजी ‘ऑर्फन’ ग्रीक ‘ऑर्फानोस’वरून आला, आणि बहुतेक व्युत्पत्तिकारांच्या मते त्याचे मूळ आणि संस्कृत ‘अर्भ’, ‘अर्भक’ यांचे मूळ एकच आहे. दुबळे, लहान, निराधार या अर्थच्छटा त्या मूळ धातूत एकत्र नांदतात. म्हणजे शब्दाच्या जन्मापासून तो बालकाचा होता. आपल्याकडील ‘अनाथ’ हा शब्द मात्र निराळ्या बाजूने येतो. त्यात आईबापांचा उल्लेखच नाही. ज्याला ‘नाथ’, म्हणजे आश्रयदाता, नाही तो अनाथ. म्हणूनच मराठीत देवाला अनाथांचा नाथ म्हणतात, आणि आश्रय मिळाला म्हणजे अनाथ हा सनाथ होतो. औषध-कायद्याची परिभाषा या दुसऱ्या अर्थाशी अधिक जुळते. तेथे औषध पुढे आणणाऱ्यास ‘प्रायोजक’ म्हणतात, आणि प्रायोजक नसलेले औषध ते अनाथ औषध.

५

१९८० च्या सुमारास दुर्मीळ रोगांनी ग्रस्त कुटुंबांच्या संघटनांनी ही दुसरी संज्ञा हाती घेऊन चळवळ उभी केली. तिचे नेतृत्व ॲबी मायर्स यांच्याकडे आले, आणि संसदेत हेन्री वॅक्समन यांनी विधेयक मांडले. वृत्तपत्रांनी आरंभी फारशी दखल घेतली नाही. १९८१ मध्ये एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेने या विषयावर एक भाग प्रसारित केला आणि तिचा नायक जॅक क्लगमन याने संसदीय समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा चित्र पालटले. ४ जानेवारी १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांची विधेयकावर स्वाक्षरी झाली.

या कायद्याने संशोधनाला प्रत्यक्ष दिलेला पैसा थोडा होता. त्याने दिले ते मुख्यतः दोन लाभ. औषधाला मान्यता मिळाल्यापासून सात वर्षे अनन्य विक्रीहक्क हा एक, आणि रोग्यांवरील चाचण्यांच्या खर्चाच्या निम्म्याइतकी करसवलत हा दुसरा. ही सवलत २०१७ च्या कायद्याने पाव हिश्शावर आणली गेली. मूळ कायद्यात अनाथ औषधाचे लक्षण असे होते, की ज्याच्या विक्रीतून खर्च भरून निघण्याची वाजवी आशा नाही ते. एका वर्षातच, १९८४ मध्ये, या लक्षणाला संख्येची जोड मिळाली. दोन लाखांहून कमी अमेरिकन नागरिकांना होणारा रोग तो दुर्मीळ, असे ठरले. व्यवहारात संख्येचेच लक्षण चालले, आणि नफ्याची आशा नसल्याचे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. पुढे जपानने १९९३ मध्ये पन्नास हजारांची, तर युरोपीय संघाने १९९९ च्या नियमनात दहा हजारांत पाच या प्रमाणाची मर्यादा स्वीकारली.

परिणाम विलक्षण झाला. कायद्यापूर्वीच्या दशकात उद्योगाने दुर्मीळ रोगांसाठी आणलेली औषधे जेमतेम दहाच्या घरात होती. त्यानंतरच्या चार दशकांत ती पाचशेच्या पलीकडे गेली. कायदा नसता, तर यांपैकी अनेक औषधे निर्माणच झाली नसती, हे मान्य करावयास हवे.

परंतु शब्दाच्या निवडीचा परिणामही याच काळात प्रकट झाला. शर्की यांच्या अनाथ बालकांसाठी २००३ मध्ये वेगळा कायदा झाला. नव्या औषधाचा बालकांमधील उपयोगही उत्पादकाने अभ्यासावा, असे त्याने बंधनकारक केले. त्या कायद्यात एक अपवाद होता. अनाथ औषध म्हणून नोंदलेल्या औषधांना हे बंधन लागू नव्हते. उद्योगावर अधिक भार पडू नये, हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. तरी एका अर्थाच्या अनाथाने दुसऱ्या अर्थाच्या अनाथाला दाराबाहेर ठेवले, ही वस्तुस्थिती राहते. कर्करोगावरील काही औषधांपुरता हा अपवाद २०१७ च्या कायद्याने दूर केला, आणि त्याची अंमलबजावणी २०२० मध्ये सुरू झाली.

६

सिस्टिक फायब्रोसिसच्या प्रतिष्ठानापुढे जनुकाच्या शोधानंतर नवा पेच उभा राहिला. जनुक सापडले, तरी त्यावरून औषध घडविण्यास उद्योग तयार नव्हता, कारण अमेरिकेतील रोग्यांची संख्या सुमारे तीस हजार होती. तेव्हा रॉबर्ट बील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिष्ठानाने देणगीचा पैसा अनुदान म्हणून न देता गुंतवणूक म्हणून देण्याचा निर्णय घेतला. २००० मध्ये सान दिएगोच्या ऑरोरा बायोसायन्सेस या कंपनीशी मोठा करार झाला. पुढील वर्षी ती कंपनी व्हर्टेक्सने विकत घेतली, आणि अर्थपुरवठा पुढे चालू राहिला. त्याची एकूण रक्कम सुमारे पंधरा कोटी डॉलर झाली. मोबदल्यात भावी विक्रीतील स्वामित्वशुल्काचा हिस्सा प्रतिष्ठानास मिळावयाचा होता.

३१ जानेवारी २०१२ रोजी आयव्हाकॅफ्टर या औषधास मान्यता मिळाली. रोगाच्या मूळ कारणावर काम करणारे हे पहिलेच औषध. विशिष्ट उत्परिवर्तन असलेल्या सुमारे चार टक्के रोग्यांनाच ते उपयोगी होते, आणि त्याची वार्षिक किंमत दोन लाख चौऱ्याण्णव हजार डॉलरांच्या आसपास ठेवण्यात आली. २०१४ मध्ये प्रतिष्ठानाने आपला स्वामित्वशुल्काचा हक्क तीन अब्ज तीस कोटी डॉलरांना विकला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तीन द्रव्यांचे संयुक्त औषध आले. ते सुमारे नव्वद टक्के रोग्यांना लागू पडते असे मानले गेले, आणि त्याची वार्षिक किंमत तीन लाख डॉलरांहून अधिक होती.

या व्यवहाराविषयी दोन मते मांडली गेली, आणि दोन्हींत तथ्य आहे. प्रतिष्ठानाने मिळालेला पैसा पुन्हा संशोधनासच लावला. एकेकाळी जो निव्वळ बालरोग होता, त्याच्या अमेरिकन रोग्यांत आज प्रौढांची संख्या बालकांहून अधिक आहे, आणि वैद्यकाच्या इतिहासात याहून मोठे यश थोडेच असेल. उलट पक्षी, ज्या कुटुंबांनी गुलाब विकून पैसा उभा केला, त्यांच्याच विमाकंपन्यांना व सरकारांना त्या पैशातून निघालेल्या औषधाची ही किंमत मोजावी लागली. औषधाची किंमत जितकी अधिक, तितके स्वामित्वशुल्क अधिक. आणि रोग्यांची प्रतिनिधी असलेली संस्था त्या शुल्काची भागीदार होती. हेतू शुद्ध असूनही हा हितसंबंधांचा गुंता टळला नाही.

७

भारतात सिस्टिक फायब्रोसिस नाहीच, अशी समजूत दीर्घकाळ होती. हा युरोपीय वंशाच्या लोकांचा रोग होय, असे पाठ्यपुस्तकांतून शिकविले जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतीय बालरोग्यांची वर्णने प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा ती समजूत डळमळली. कुपोषण, क्षय, वारंवार होणारा न्यूमोनिया या निदानांखाली कित्येक मुले दडून गेली असतील, याचा आता केवळ तर्कच करता येतो. पाश्चात्त्य रोग्यांत जे उत्परिवर्तन सर्वाधिक आढळते, ते भारतीय रोग्यांत बरेच कमी आढळते. ज्या नोंदवहीवरून औषधे घडली, त्या नोंदवहीत ही मुले नव्हती. तेव्हा ‘नव्वद टक्के’ हा आकडा जेथे मोजला गेला तेथलाच होता, हे विसरून चालणार नाही. २०२३ मध्ये भारतासह चार देशांतील रोग्यांच्या वतीने या औषधाचे उत्पादन अन्य उत्पादकांना खुले करावे, अशी मागणी करण्यात आली.

भारताचे धोरणही या मोजणीच्या प्रश्नाशीच अडले. २०१९ च्या नियमांत अनाथ औषधाचे लक्षण संख्येने केलेले आहे: भारतात पाच लाखांहून अधिक नसलेल्या व्यक्तींना होणाऱ्या रोगावरील औषध. याउलट २०१७ चे पहिले धोरण स्थगित होऊन २०२१ च्या मार्चमध्ये जे राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरण आले, त्याने पुरेशी आकडेवारी नसल्याचे सांगून दुर्मीळ रोगाचे लक्षण केलेच नाही. त्याने रोगांची यादी दिली आणि तिचे तीन गट पाडले: एकदाच करावयाच्या उपचाराने बरे होणारे, कमी खर्चाचे दीर्घ उपचार लागणारे, आणि अतिशय खर्चाचे उपचार लागणारे. सिस्टिक फायब्रोसिसवरील नवी औषधे तिसऱ्या गटात पडली. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर येथे लक्षणाऐवजी परिगणन आहे. वैयाकरणांचा आकृतिगण जसा उघडा असतो, साम्य दिसताच नवा शब्द त्यात सामावता येतो, तशी ही यादी वाढविण्याची सोय आहे. पण ती वाढविण्यासाठी रोग प्रथम कोणाच्या तरी डोळ्यांना दिसावा लागतो.

आरंभी पहिल्या गटापुरते वीस लाख रुपयांचे साहाय्य होते. २०२२ च्या मे महिन्यात ते सर्व गटांसाठी पन्नास लाखांपर्यंत वाढविण्यात आले, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासह काही संस्था विशेष केंद्रे म्हणून नेमल्या गेल्या. खर्चिक उपचारांसाठी लोकवर्गणीची सरकारी व्यवस्थाही त्याच धोरणाने केली. २०२१ च्या सुमारास महाराष्ट्रात स्नायुक्षयाच्या एका प्रकाराने ग्रस्त अर्भकांसाठी सोळा कोटी रुपयांच्या औषधाची वर्गणी गोळा झाली, तेव्हा ‘जिमी’ची रीत येथेही अवतरली. फरक एवढाच, की बोस्टनच्या श्रोत्यांनी पैसा संशोधनाला दिला होता; येथील दात्यांनी तो तयार औषधाच्या किमतीपोटी दिला. पहिल्या दानाने पुढील मुलांसाठी ज्ञान उरले. दुसऱ्याने एका मुलाचा जीव वाचविण्याची संधी मिळाली, पण पुढील मुलाची वर्गणी पुन्हा शून्यापासूनच सुरू झाली.

८

तात्पर्य असे, की वर्गणी, पालकांची संस्था, कायदा आणि गुंतवणूक ही या अर्थपुरवठ्याची चार रूपे एकामागून एक आली, परंतु एकाने दुसऱ्याला बाद केले नाही. प्रत्येकाने काही मिळविले. वर्गणीने सहानुभूती मिळविली, संस्थेने रोग्यांना एकत्र आणले, कायद्याने उद्योगाला रस दिला, आणि गुंतवणुकीने प्रत्यक्ष औषध आणले. त्याचबरोबर ज्याच्या नावाने पैसा मागितला गेला तो आणि ज्याला पैसा पोहोचला तो, यांच्यातील अंतर प्रत्येक पायरीवर वाढत गेले. अनाथ औषध सनाथ झाले, याबद्दल शंका नाही. त्याला प्रायोजक मिळाला, हक्क मिळाला, बाजारही मिळाला. अर्भकाचे अनाथत्व मात्र देशपरत्वे आणि ऐपतीपरत्वे शिल्लक राहिले.

या इतिहासातून आपल्याकडील अभ्यासकांनी घ्यावयाचा बोध संशोधनाच्या आरंभस्थानाविषयी आहे. अमेरिकेतील पालकांनी औषधाच्या कितीतरी आधी नोंदवही उघडली होती. मोजणीशिवाय दुर्मीळता हा केवळ तर्क असतो, आणि तर्काला कोणी पैसा देत नाही. भारतातील मुलांची नोंद होणे, त्यांच्या उत्परिवर्तनांचा अभ्यास होणे, आणि सार्वजनिक पैशातून जे निर्माण होईल त्याची किंमत ठरविताना त्या पैशाची आठवण करारातच लिहिली जाणे, या तीन गोष्टी सोळा कोटींच्या वर्गणीहून कमी खर्चाच्या आहेत. त्या झाल्याशिवाय ‘दुर्मीळ’ हे विशेषण रोगाचे आहे की आपल्या माहितीचे, हे ठरविता येणार नाही.